ढोलीतले, पेरातले, बेचक्यातले डास

डास म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गटार येतं, नाहीतर टायर, नाहीतर झाकण नसलेली टाकी. त्यात चूक काही नाही. पण जगात डासांच्या साडेतीन हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या खरोखर आजार पसरवणाऱ्या अगदी थोड्या, मग बाकीचे करतात काय आणि राहतात कुठे? तर त्यातल्या ढीगभर जाती अशा आहेत की ज्यांनी जमिनीवरचं डबकं जन्मात बघितलेलं नसतं. त्यांचं सगळं बालपण झाडावर जातं, झाडानेच धरून ठेवलेल्या पाण्यात, आणि ते पाणी कधी बादलीभर असतं तर कधी जेमतेम दोन चमचे.

मला या प्रकाराचं वेड आहे हे आता लपवण्यात अर्थ नाही. पाऊस उघडला की मी झाडांच्या बुंध्याशी वाकून वाकून बघत असतो, खिशात ड्रॉपर, भिंग आणि एक पांढरी प्लास्टिकची ताटली, आणि येणारे जाणारे काय हरवलं का म्हणून विचारतात. डास शोधतोय असं सांगितलं की बोलणं तिथेच संपतं. असो.

पाणी झाडात कुठे कुठे साचतं ते आधी सांगतो. खोडाला ढोली असते तिथे. दोन जाड फांद्या फुटतात त्या बेचक्यात. बांबू कापला की वर उघडं राहिलेलं पेर असतं त्यात. अळू, केळ, केवडा यांच्या पानाचा देठ खोडाला मिळतो तिथे एक खोलगट खाच असते, तिच्यात. हेलिकोनियाच्या फुलांखालच्या त्या लाल-पिवळ्या होड्यांसारख्या पानांत. घटपर्णीच्या सुरईत. आणि सगळ्यात मोठं प्रकरण म्हणजे ब्रोमेलियाड, ती अननसाच्या कुळातली झाडं, अमेरिका खंडातल्या जंगलांत फांद्याफांद्यांवर बसलेली, पानांच्या गुच्छात मधोमध पाण्याची टाकी बाळगणारी. या सगळ्याला मिळून शास्त्रात फायटोटेल्मा म्हणतात, नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल. कोस्टारिकाच्या क्लोडोमिरो पिकाडो यांनी १९१३ साली पॅरिसला आपला प्रबंध दिला तो या ब्रोमेलियाडमधल्या जीवांवरच, म्हणजे हा अभ्यास शंभर वर्षांहून जुना आहे. (हेच पिकाडो पुढे सापाच्या विषावरच्या कामासाठी प्रसिद्ध झाले, त्यांच्या देशातल्या सर्पदंशावरचं प्रतिविष बनवणाऱ्या संस्थेला त्यांचंच नाव आहे. ब्रोमेलियाड मात्र कोणाला आठवत नाही.)

आता माझं म्हणणं काय आहे ते इथेच सांगून टाकतो. पाणी साचलंय एवढ्यावरून त्यातून कुठला डास बाहेर पडेल हे सांगता येत नाही. त्या पाण्यात आणखी कोण कोण राहतंय, काय खातंय, कोण कोणाला खातंय, हे बघावं लागतं. झाडावरचं पाणी दिसलं की लगेच 'डासांची पैदास' असा शिक्का मारून मोकळं होणाऱ्यांना हे सांगायला गेलं की ते माझ्याकडे मीच डास सोडल्यासारखं बघतात.

ढोलीपासून सुरू करू, कारण ढोली सगळीकडे सापडते. ढोल्या दोन तऱ्हेच्या. एकीत आतून झाडाची साल शाबूत असते, म्हणजे झाड वाढता वाढता तिथे खड्डा राहून गेलाय, आणि दुसरी म्हणजे फांदी तुटली, पाणी शिरलं, लाकूड कुजत गेलं आणि पोकळी झाली. दोन्हीत पाणी येतं ते बहुतेक खोडावरून ओघळून, आणि खोडावरची धूळ, शेवाळ, किड्यांची विष्ठा सगळं बरोबर घेऊन. वरून पानं पडतात, ती भिजतात आणि पाणी कोऱ्या चहासारखं होतं. उजेड जवळजवळ नाही, त्यामुळे आतल्या आत उगवणारं असं फारसं काही नसतं, सगळं घर चालतं ते वरून पडलेल्या मेलेल्या पानांवर. पण डासाची अळी पान चावून खाऊ शकत नाही हो. पानावर बुरशी आणि बॅक्टेरियाचा जो बुळबुळीत थर चढतो तो ती ओरबाडते, नाहीतर पाण्यात तरंगणारा बारीक चुरा गाळून घेते. मग हा चुरा करतं कोण? तर सायर्टिड नावाच्या भुंगेऱ्यांच्या अळ्या. त्या पान कुरतडतात, त्यांच्या तोंडून सुटलेले कण आणि त्यांची लेंडी डासांच्या अळ्यांच्या पोटात जाते, म्हणजे भुंगेरे आहेत त्या ढोलीत डासांचं बरं चालतं. एखादा किडा वरून पडून बुडून मेला तर मेजवानीच, मेलेला किडा पानापेक्षा कितीतरी लवकर कुजतो.

ताटलीत हे पाणी ओतलं की पहिल्यांदा काहीच दिसत नाही, नुसता गाळ. मग गाळ खाली बसतो आणि एकेक जण हलायला लागतो. एडिसची, म्हणजे डेंग्यूवाला डास ज्या गटातला त्या गटातल्या डासाची, अळी तळाशी पानाच्या तुकड्यावर डोकं खाली करून चरत असते, मधेच नागमोडी वळवळत वर येते, शेपटीकडची श्वासाची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवते, दम घेते आणि परत खाली. हात वर नेला, ताटलीवर सावली पडली की सगळ्या एकदम बुडी मारतात. कोष स्वल्पविरामाच्या आकाराचे, काही खात नाहीत पण चपळ असे की ड्रॉपरने पकडायला गेलं की घाम फुटतो. आणि काही वेळा त्या गर्दीत एक भलतीच मोठी, तपकिरी-लालसर, अंगावर राठ केस असलेली अळी दिसते, ती वळवळत नाही, ती नुसती पडून असते. तिच्याकडे मी नंतर येतो.

खाणं कमी आणि तोंडं जास्त अशी ढोल्यांची कायमची परिस्थिती. खायला मिळालं नाही की अळ्या मरत नाहीत लगेच, रेंगाळतात, कित्येक आठवडे तशाच राहतात, आणि मग जे डास निघतात ते इवलेसे निघतात. पाणी आटलं तर मात्र संपलं. म्हणून ढोलीतल्या एडिसने वेगळीच व्यवस्था केलीय, मादी अंडी पाण्यात घालतच नाही, ती पाण्याच्या रेषेच्या थोडं वर ओल्या भिंतीला चिकटवते. आतली अळी तयार होते आणि कवचातच थांबते, महिनोन्महिने कोरडी राहिली तरी जिवंत. मग मोठा पाऊस आला, पाणी वर चढलं, अंडी बुडाली, बॅक्टेरिया वाढले, पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला, की तीच तिची खूण, बाहेर पडा. आणि तरीही सगळी अंडी एकदम फुटत नाहीत, हप्त्याहप्त्याने फुटतात. पहिल्या पावसाने फसवलं तर सगळं खानदान बुडू नये यासाठी!

अंडी घालण्याच्या बाबतीत तर या मंडळींनी इतक्या तऱ्हा शोधून काढल्यात की मला हा भाग सगळ्यात आवडतो. बांबूचं न कापलेलं पेर घ्या. किड्याने त्याला एक बारीक भोक पाडलेलं असतं, आत पाणी झिरपलेलं असतं, बाहेरून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या सॅबेथीस जातीतल्या एका डासाची मादी त्या भोकासमोर हवेतल्या हवेत तरंगते आणि अंडी नेम धरून आत उडवते. (सॅबेथीस म्हणजे डासांमधले राजे दिसायला, निळे-जांभळे चकाकणारे आणि पायांना पिसांसारख्या झालरी.) आशियातल्या अर्मिजेरीसच्या काही जाती यापेक्षा सावध, त्यांची मादी अंडी घालून आपल्याच मागच्या पायांवर घेऊन फिरते आणि चांगलं पेर सापडलं की भोकातून पाय आत घालून ती पाण्यात सोडते. आणि ट्रायकोप्रोसोपॉन डिजिटाटम नावाचा एक अमेरिकी डास आहे, हेलिकोनियाच्या होड्यांत, बांबूत, कोकोच्या पडलेल्या फळांच्या सालीत साचलेल्या पाण्यात राहणारा, त्याची मादी अंड्यांचा तराफा घालते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत त्याच्यावर उभी राहते. डासाची आई पहारा देतेय! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं.

मोठ्या ढोल्यांचं राजकारण आणखी वेगळं. पनामाच्या बारो कोलोरॅडो बेटावर मेगॅलोप्रेपस नावाच्या महाकाय टाचण्या (चतुराचे सडपातळ भाऊबंद) आहेत, पंख पसरले की वीतभर, आणि त्यांचे नर पाण्याच्या मोठ्या ढोल्यांचा ताबा घेऊन बसतात, अंडी घालायला येणाऱ्या मादीला आधी त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. टाचणीची पिल्लं त्या पाण्यात वाढतात ती डासांच्या अळ्या आणि बेडकांची शेपटीवाली पिल्लं खाऊन, आणि एकमेकांनाही सोडत नाहीत. ज्या ढोलीत ही पिल्लं असतात तिथे डास कमी असतात हे तिथे मोजून दाखवलंय. आपल्याकडे पश्चिम घाटाच्या केरळातल्या भागातून २०१७ साली एका खेकड्याची नोंद झाली, कणी मरंजंडू, तो तर सगळा संसार झाडावरच्या ढोलीतल्या पाण्यात करतो. डासांशी त्याचा संबंध काय ते राहू दे, पण ढोलीत खेकडा हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आता ती लाल मोठी अळी. टॉक्सोऱ्हिन्कायटीस. हत्ती-डास म्हणतात काही लोक. डासांच्या घराण्यातला सगळ्यात धिप्पाड, आणि गंमत म्हणजे मोठा झाल्यावर चावत नाही, नर नाही आणि मादीपण नाही, सोंड खाली वळलेली असते आणि तो फुलांतला रस पितो. अंड्यांसाठी जे प्रोटीन लागतं ते त्याने लहानपणीच दुसऱ्या डासांची पिल्लं खाऊन साठवलेलं असतं. मादी पाण्यावर उभी गिरकी घेत घेत उडते आणि उडता उडताच एकेक अंडं खाली टाकते. अळी पडून राहते, समोरून कोणी वळवळत गेलं की एका झटक्यात जबड्यात. मी ताटलीत हे बघत बसलोय, आधी काही होत नाही, काही होत नाही, आणि मग एडिसची अळी जिथे होती तिथे नसते, तिची शेपटी त्या तोंडातून बाहेर हलत असते. एक अळी वाढता वाढता शेकड्याने दुसऱ्या अळ्या फस्त करते. कोषात जायच्या आधी तर तिला वेगळंच भूत चढतं, भूक नसते तरी मारत सुटते, मारलेलं खातही नाही, टाकून देते. का? कोषात असताना आपल्याला कोणी खाऊ नये म्हणून आसपास साफ करून ठेवते असा एक अंदाज आहे, आणि मला तो पटतो, कारण तिचे शेजारी म्हणजे बऱ्याचदा तिचीच भावंडं.

ह्याला सोडून डास संपवायचे प्रयोग बऱ्याच बेटांवर झाले, हवाई, फिजी वगैरे. काही ठिकाणी तो रुजला पण डासांचा त्रास त्याने मिटला असं म्हणण्यासारखं फार कुठे झालं नाही. त्याची अंडी थोडी, वाढ सावकाश, आणि त्याची शिकार असलेले डास दर पावसाला भसाभस वाढणारे. गणित जुळत नाही.

त्याच्यापेक्षा लहान एक शिकारी मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कोरेथ्रेला. डास नव्हे, डासाचा चुलत भाऊ म्हणा. अमेरिकेत फ्लोरिडाच्या ढोल्यांत याच्या अळ्या भरपूर. तिथे मूळचा ढोलीतला डास एडिस ट्रायसीरिएटस, आणि आशियातून टायरांच्या व्यापाराबरोबर पोचलेला उपरा एडिस अल्बोपिक्टस, आपण ज्याला टायगर डास म्हणतो तो. १९८५ साली ह्यूस्टनला त्याची वस्ती सापडली आणि मग तो पसरतच गेला. खाण्याच्या भांडणात अल्बोपिक्टस वरचढ, थोड्या अन्नात भागवतो. पण पाण्यात कोरेथ्रेला असला की पारडं फिरतं, कारण ट्रायसीरिएटसच्या अळ्यांना या शत्रूची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे, त्याचा वास आला की त्या हालचाल कमी करतात, गप पडून राहतात, आणि अल्बोपिक्टस मात्र बऱ्यापैकी बेफिकीर वळवळत राहतो आणि खाल्ला जातो. म्हणजे ढोली तीच, पाणी तेच, पानं तीच, शिकारी आहे की नाही यावर कुठला डास उडणार ते फिरलं. टायरात आणि कुंडीखालच्या ताटलीत कोरेथ्रेला सहसा नसतो, तिथे उपऱ्याला रान मोकळं.

(आणि या कोरेथ्रेलाच्या माद्या मोठ्या झाल्यावर कोणाचं रक्त पितात माहितीये? बेडकांचं. बेडूक ओरडला की त्या आवाजाच्या रोखाने जातात. नर बेडूक मादीला हाका मारतोय आणि येतंय भलतंच कोणीतरी.)

घटपर्णीकडे येऊ. किडे खाणारं झाड, त्याच्या पोटात डास कसे जगतात हा प्रश्न सगळ्यांना पडतो. आशियातल्या घटपर्णीत पाचक रस असतो आणि तरी त्यात ट्रिप्टेरॉइडीससारखे डास आरामात वाढतात, जिवंत अळीच्या कातडीला तो रस काही करत नाही. पण सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो उत्तर अमेरिकेतल्या सारासेनिया परप्युरियाचा, ती दलदलीत वाढते, तिच्या सुरया जमिनीलगत आणि वर उघड्या, पावसाचं पाणी थेट आत. तिच्यात तीन भाडेकरू ठरलेले. वर एक मांसमाशीची अळी, तरंगत राहून नुकते बुडालेले किडे खाणारी, सुरईत एकच असते, दुसरी आली की मारामारी. तळाशी मेट्रिओक्नेमस नावाच्या न चावणाऱ्या बारक्या माशीच्या अळ्या, खाली बसलेले सांगाडे चावत राहणाऱ्या. आणि मधल्या पाण्यात वायोमाया स्मिथी, हा डास, त्या दोघांच्या चावण्यातून जो बारीक चुरा आणि बॅक्टेरिया सुटतात ते गाळून खाणारा. वरचा आणि खालचा जेवढं जास्त चावेल तेवढं मधल्याचं भलं. आणि तिघांच्या विष्ठेतून सुटलेला नायट्रोजन झाडाला, म्हणजे झाडाने पचनाचं काम जवळजवळ बाहेर दिल्यासारखंच आहे. डासाच्या अळ्या रोटिफर आणि प्रोटोझोआसुद्धा खातात, त्या काढून टाकल्या की पाण्यातल्या सूक्ष्मजीवांची सगळी जुळणी बदलते.

हा वायोमाया स्मिथी फक्त याच झाडात राहतो आणि मेक्सिकोच्या आखातापासून पार कॅनडापर्यंत पसरलाय. उत्तरेकडचे कधीच चावत नाहीत, रक्त न पिताच अंडी घालतात. दक्षिणेकडचे पहिली अंडी रक्ताशिवाय घालतात, पुढच्यांसाठी चावतात. थंडीत सुरईतलं पाणी गोठून बर्फ होतं आणि अळ्या त्या बर्फात झोपून वसंत येईपर्यंत थांबतात. कधी झोपायचं हे त्यांना कळतं दिवसाच्या लांबीवरून, थंडी पडली म्हणून नाही. विल्यम ब्रॅडशॉ आणि क्रिस्टिना होल्झॅपफेल हे नवरा-बायको याच एका डासामागे आयुष्यभर लागले, आणि २००१ मध्ये त्यांनी दाखवलं की १९७२ पासून १९९६ पर्यंत उत्तरेकडच्या डासांचं हे झोपायचं गणित सरकलंय, ते शरद ऋतूत साधारण ९ दिवस उशिरा झोपायला लागलेत. हवा तापली, मोसम लांबला, आणि जे उशिरा झोपणारे होते त्यांची पिल्लं जास्त जगली. हा बदल वंशात उतरलेला आहे, हे त्या दिवशीच्या हवेचं प्रकरण नाही, कारण त्यांनी सगळ्यांना लॅबमध्ये एकाच तापमानात ठेवून तपासलं. तापत्या जगाने एखाद्या जीवाचे जीन्स बदलल्याचा इतका स्पष्ट पुरावा तोवर फारसा कोणाकडे नव्हता, आणि तो आला कुठून तर किडेखाऊ झाडाच्या पोटातल्या, कोणालाही न चावणाऱ्या डासाकडून.

आता आजारांचं, कारण ते टाळून चालणार नाही, नाहीतर खाली लगेच कोणीतरी मलेरिया म्हणून लिहीलच. हो, होतो. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनॉफिलीस गटातले सगळेच डास काही जमिनीवरच्या पाण्यात वाढत नाहीत. त्रिनिदादमध्ये कोकोच्या बागांना सावलीसाठी पांगाऱ्याच्या जातीची उंच झाडं लावली होती, त्या झाडांवर ब्रोमेलियाडची गर्दी झाली आणि त्या ब्रोमेलियाडमध्ये ॲनॉफिलीस बेलेटर वाढायला लागला. खालची डबकी बुजवून काय उपयोग, डास तर डोक्यावर. १९४० च्या दशकात तिथे ब्रोमेलियाड मारायला मोरचुदाचं पाणी जोरात फवारलं, ब्रोमेलियाड पानांतूनच पाणी पितात त्यामुळे तांबं त्यांना लगेच लागतं आणि सावलीचं झाड वाचतं, ही युक्ती चांगली होती. दक्षिण ब्राझीलमध्ये तर माणसं लावून झाडांवरून ब्रोमेलियाड ओरबाडली आणि शहरांभोवतीचं जंगलच कापलं. ते मला बघवत नाही, पण त्या वेळी माणसं तापाने मरत होती हेही खरं, आज बसून नावं ठेवणं सोपं आहे. त्रिनिदादला काम करणाऱ्यांत कॉलिन पिटेंड्रिघ नावाचा तरुण होता, कुठला डास झाडाच्या कुठल्या उंचीवर आणि किती वाजता चावतो याच्या नोंदी त्याने ठेवल्या, आणि वेळेचं हे वेड पुढे एवढं वाढलं की जीवांच्या शरीरातल्या घड्याळाच्या शास्त्राचा तो एक संस्थापकच झाला.

युगांडातलं पिवळ्या तापाचं कोडं तर याहून गुंतागुंतीचं. जंगलात वर माकडांमध्ये हा व्हायरस फिरवणारा एडिस आफ्रिकानस, ढोल्यांत वाढणारा, तो वरच राहतो. मग खाली माणसांना ताप येतो कसा? माकडं केळीच्या बागांत चोरी करायला उतरतात आणि तिथे केळीच्या पानांच्या खाचांत वाढणारा एडिस सिम्पसोनी त्यांना चावतो, आणि तोच माणसाला चावतो. ढोलीतला डास आणि केळीच्या खाचेतला डास, मधे चोर माकड. हा धागा १९४० च्या दशकात बवाम्बा भागात उलगडला. त्याच एडिस आफ्रिकानसमध्ये १९४८ साली झिका जंगलात झिकाचा व्हायरस सापडला, तो पहिल्यांदा सापडला होता त्याच्या आदल्या वर्षी पिंजऱ्यातल्या माकडात.

आणि आपला डेंग्यूवाला एडिस इजिप्ती? तोही मूळचा आफ्रिकेच्या जंगलातल्या ढोलीतलाच. त्याचे जंगलातले भाऊबंद अजून तिथेच आहेत, सावळे, आणि माणसापेक्षा बाकीच्या प्राण्यांकडे ओढा असलेले. काही हजार वर्षांपूर्वी पाऊस कमी झालेल्या पट्ट्यात ढोल्या कोरड्या पडल्या तेव्हा वर्षभर पाणी असायचं ते माणसाच्या रांजणात, तिकडे त्यातले काही वळले, आणि नंतर गुलामांच्या जहाजांतल्या पिंपांतून समुद्र ओलांडून गेले. माठ, पिंप, टायर, कूलर हे सगळं त्या डासाच्या हिशेबी ढोलीच आहे, अंधारी, काळपट, उभ्या भिंतीची. फक्त हिच्यात ना टाचणीचं पिल्लू ना कोरेथ्रेला ना टॉक्सोऱ्हिन्कायटीस.

आता ज्यांच्याकडे अशी झाडं आहेत त्यांनी काय करायचं. शोभेचं ब्रोमेलियाड असेल तर आठवड्यातून एकदा पाइपने त्याच्या मधोमध जोरात पाणी सोडून जुनं पाणी उपसून काढा, गरम हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, तेवढ्यात साखळी तुटते. हे हसण्यावारी नेऊ नका, २०१६ मध्ये मायामीत झिका पसरला तेव्हा बागांतल्या ब्रोमेलियाडमध्ये इजिप्ती वाढताना सापडला होता आणि ठिकठिकाणची झाडं उपटावी लागली. बांबू कापताना गाठीच्या अगदी लगत वरून कापा, म्हणजे पेराचा पेला उरतच नाही. लकी बांबू पाण्यात ठेवत असाल तर ते पाणी बदला, २००१ मध्ये कॅलिफोर्नियात टायगर डास पोचला तो पाण्यात उभ्या करून जहाजाने आणलेल्या लकी बांबूतूनच. जुन्या झाडाची ढोली मात्र कृपा करून सिमेंटने भरू नका, तिच्यात पक्षी, बेडूक, भुंगेरे, शंभर जण राहतात, आणि सिमेंटच्या कडेने पाणी शिरून झाड आतून कुजतं ते वेगळंच. घराला अगदी लागून असेल आणि घरात डेंग्यू झालाय तर बीटीआयची गोळी टाका, तो बॅक्टेरिया डासांच्या आणि त्यांच्या जवळच्या काही माश्यांच्या अळ्यांनाच मारतो, बाकीच्या बहुतेकांना काही होत नाही.

एक राहिलंच, मलाया. हे त्या डासाच्या गटाचं नाव आहे, देशाचं नाही. अळ्या वाढतात अळूच्या, केवड्याच्या खाचांतल्या चमचाभर पाण्यात, आणि मोठा डास कोणालाही चावत नाही. तो झाडाच्या खोडावर मुंग्यांची रांग चालली असेल तिथे जाऊन तरंगतो. क्रिमॅटोगॅस्टर जातीची मुंगी, ती पोट वर करून चालणारी, मावा किड्यांकडून गोड रस पिऊन परत येत असते, हा तिच्या समोर उतरतो, पायांनी तिला अडवतो, मुंगी थांबते, तोंड उघडते आणि हा आपली टोकाला फुगीर सोंड तिच्या तोंडात घालून तो रस पितो, मग मुंगी पुढे जाते आणि हा पुढच्या मुंगीला अडवतो. हे सगळं काही सेकंदांत होतं. अळूच्या बनाजवळ अशा मुंग्यांची रांग दिसली तर पाच मिनिटं थांबून बघा, वर खाली नाचणारा बारका काळा डास दिसला तर मला नक्की कळवा, आणि फोटो मिळाला तर सोंडेच्या टोकाकडे फोकस ठेवा, बाकी डास धूसर आला तरी चालेल.